बोक्याचा उजवा हात

आमचं सांता लुसिया साखरेसाठी नावाजलेलं आहे असं कारखान्याचे मालक सांगतात. त्यांचं ऐकू नका. साखर काय, ऊस लावला की कुठेही होते. आमच्या गावात शॉर्टस्टॉप होतात. पोर जन्माला आलं की पाद्री त्याच्या डोक्यावर पाणी घालतो आणि त्याच वेळी गॉडफादर हळूच त्याच्या मुठीत लिंबू देऊन बघतो, मूठ मिटते की नाही. मिटली तर घरात वाद्यं वाजतात. नाही मिटली तर पोराला शिकवून डॉक्टर करतात.

शॉर्टस्टॉप म्हणजे बेसबॉलमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या मातीत उभा राहणारा गडी. जमिनीवरून सरपटत येणारा चेंडू त्यानं उचलायचा आणि अख्खं मैदान ओलांडून पहिल्या बेसवर फेकायचा. फलंदाज तिथं पोचायच्या आत चेंडू पोचला की फलंदाज बाद. सगळ्यांत लांबची फेक त्याची आणि सगळ्यांत मोठ्या टाळ्याही त्याच्याच. माझ्यासारखे, ज्यांची फेक थोडी आखूड, ते दुसऱ्या बेसवर जातात आणि आयुष्यभर शॉर्टस्टॉपच्या शेजारी उभं राहून त्याच्या गोष्टी सांगतात.

पहिल्या बेसवर मात्र गावात माणूस मिळत नसे. तिथं फेकायचं फारसं काही नसतं, दुसऱ्यांनी फेकलेलं नुसतं घ्यायचं. ते काम जाड्यांचं, म्हाताऱ्यांचं आणि घरजावयांचं. आमच्याकडे ते एग्बर्ट करायचा. एग्बर्ट इंग्रजी बेटांवरून ऊस तोडायला आलेल्या लोकांचा नातू, देहानं बॉयलरएवढा. त्याचे गुडघे असे करकरत की चेंडू टाकणाऱ्या पिचरला वाटे मागून बैलगाडी येतेय. दर वर्षी तो म्हणायचा, "आता मला बसू द्या रे." आणि दर वर्षी आम्ही म्हणायचो, "तुझ्या जागी उभा कोण राहणार? तुझी सासू?"

तर या गावातला सगळ्यांत मोठा शॉर्टस्टॉप म्हणजे अन्सेल्मो पेगेरो. गावात त्याला बोका म्हणत, कारण चेंडू कुठूनही आला तरी हा आधीच तिथं दबा धरून बसलेला असायचा. एकदा त्यानं तिसऱ्या बेसच्या मागून अशी फेक केली की चेंडू एग्बर्टच्या हातमोज्यात शिरला, एग्बर्ट चेंडूसकट मागे सरकत गेला आणि थेट कुंपणापाशी थांबला. एग्बर्ट हे नाकारतो, पण तो कुंपणापाशी होता हे नाकारत नाही. उन्हाळ्यात बोका उत्तरेला जायचा, तिकडच्या लहान शहरांच्या संघांमधून बसमध्ये झोपत हिंडायचा, हिवाळ्यात परत येऊन आमच्या कारखान्याच्या संघातून खेळायचा. तिकडे कधी वरच्या पायरीवर चढला, कधी खाली ढकलला गेला, पण दर वसंतात त्याला बोलावणं यायचंच. ते त्या हाताला यायचं. फलंदाजीत बोका म्हणजे मठातली जोगीण, चेंडूला बॅटनं नुसता नमस्कार करायचा.

तो हात मेला त्या दिवशी मी त्याच्या शेजारी होतो. भुरभुर पाऊस, ओली माती, चेंडू जड. बोक्यानं खोल जागेवरून फेक केली आणि मला ऊस मोडल्यासारखा आवाज आला. फेक पोचली, फलंदाज बाद झाला, लोक ओरडले.

"काय मोडलं रे?" मी विचारलं.

"ऊस," बोका म्हणाला.

"मैदानात ऊस कुठला?"

"चेंचो, मी सांगतोय ना, ऊस मोडला."

त्यानंतर त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. गेला तरी त्यात जोर नसायचा. नारळ झाडावरून पडतो तसा चेंडू त्याच्या हातातून पडायचा.

आणि आठवड्यावर अंतिम सामना आला होता. बोका वेर्दे या बंदराच्या गावाविरुद्ध. आमचा बोका आणि त्यांचं बोका यांचा काही संबंध नाही, त्या नावातला बोका म्हणजे स्पॅनिशमधलं तोंड आणि ते त्या गावाला आहेही भरपूर. त्या सामन्याला उत्तरेच्या क्लबचा माणूस येणार होता, मिस्टर प्रुएट. कुणाला वसंतात बोलवायचं आणि कुणाला नाही हे तो ठरवायचा. त्यानं एकदा मान हलवली की तिकडची दारं बंद, आणि मागोमाग इकडचीही. हात गेलेला शॉर्टस्टॉप कारखाना ठेवून घ्यायचा, पण संघात नाही. काट्यावर. कारखान्याच्या फाटकाशी उसाच्या गाड्या तोलायचा काटा आहे. तिथं बाकावर गावाचे सगळे जुने शॉर्टस्टॉप ओळीनं बसलेले असतात, वजनं बघतात आणि एकमेकांना न झालेल्या गोष्टी सांगतात. बोका त्या बाकासमोरून जाताना मान दुसरीकडे वळवायचा.

"मी तिथं बसणार नाही," तो मला म्हणाला. "मैदानातच मरेन. तू मला एवढा सामना काढून दे."

"मी काय करू?"

"माझा हात हो."

आम्ही जे ठरवलं ते ऐकायला सोपं आहे. जमिनीवरून चेंडू त्याच्याकडे आला की मी दुसऱ्या बेसमागून धावत त्याच्या जवळ पोचायचं. तो हातमोज्यातूनच, खालून, चेंडू माझ्याकडे उडवणार आणि पहिल्या बेसवर फेकणार मी. पण खरी अडचण वेगळीच होती. बेसवर कुणी नसताना गडी बाद झाला की आमच्याकडे चेंडू सरळ पिचरकडे जात नाही. आधी त्याची फेरी होते, तिसऱ्या बेसवरून शॉर्टस्टॉपकडे, तिथून माझ्याकडे, माझ्याकडून पहिल्या बेसवर आणि मग पिचरकडे. तसा नियम कुठेच नाही. पण ज्या संघात फेरी होत नाही त्या संघात कुणीतरी वारलंय असं लोक समजतात. या फेरीतच हात दिसतो आणि प्रुएटसारखी माणसं तीच बघायला येतात.

"मग फेरीत सोंग करू," मी म्हणालो. "तू पाठीमागून दे, पायांमधून दे, कोपरावर टेकवून दे. लोकांना वाटेल बोका आज मस्तीत आहे."

"आणि काण्याला?"

काणा म्हणजे एवारिस्तो, बोका वेर्दे संघाचा प्रशिक्षक. तरुणपणी त्याचा एक डोळा चेंडूनं नेला. उरलेला डोळा असा की सामन्याच्या दिवशी आम्ही जेवताना त्याच्याकडे पाठ करून बसायचो, न जाणो घासावरून काय ओळखेल.

सामन्याच्या दुपारी मैदानाबाहेर दोन्या फिला, म्हणजे आमची फिलाबाई, नेहमीच्या जागी यानीकेके तळत होती, मोठ्या पापडाएवढ्या कुरकुरीत पुऱ्या. तिनं एक उचलून बोक्याच्या डाव्या हातात दिली.

"खा. पैसे नकोत. जिंक म्हणजे झालं."

"जिंकेन, दोन्या."

"आणि तू, चेंचो, कमी बोल. तुझ्या बडबडीनं माझं तेल गार होतं."

स्टँड माणसांनी ओसंडत होता. प्रुएट जाळीच्या मागे पहिल्याच ओळीत बसला होता, गळ्यात वेळ मोजायचं घड्याळ, नाक उकडलेल्या खेकड्यासारखं लाल. आमचा पिचर होता सिप्रियान, डोंगरातला पोरगा, अंगात वारं भरलेला. तो आईला सांगून आला होता की मी सेमिनरीत आहे, पाद्री व्हायला शिकतोय. आई दर महिन्याला बिशपच्या पत्त्यावर लोकरीचे मोजे पाठवायची. हे त्या आईला सोडून दोन्ही गावांना ठाऊक होतं. त्याच्या चेहऱ्यावर पोटातलं सगळं दिसायचं, म्हणून त्याला आम्ही काहीही सांगितलं नव्हतं.

पहिलाच चेंडू बोक्याकडे आला. मी धावलो. त्यानं तो हातमोज्यात घेतला, न बघता माझ्याकडे उडवला, मी वळून फेकला. एग्बर्टनं घेतला. बाद! स्टँड उठून उभा राहिला. मग फेरी आली. तिसऱ्या बेसवरून चेंडू बोक्याकडे आला, त्यानं तो पाठीमागून सोडला. लोक हसले. पुढच्या वेळी पायांमधून, लोकांनी टोप्या उडवल्या. त्याच्या पुढच्या वेळी चेंडू त्यानं डोक्यावर ठेवला, मला वाकून नमस्कार केला आणि चेंडू माझ्या ओंजळीत घरंगळला. बायका हसून रडायला लागल्या.

मी मात्र प्रुएटकडे बघत होतो. तो हसत नव्हता. घड्याळाचं बटण दाबायला अंगठा तयार ठेवून तो एका फेकीची वाट बघत होता.

काणाही हसत नव्हता. तिसऱ्या बेसजवळ, आपल्या पळणाऱ्यांना इशारे द्यायच्या जागी तो उभा होता आणि त्याचा एकच डोळा बोक्याच्या खांद्यावर माशीसारखा बसला होता.

"काय रे बोक्या," तो मधेच म्हणाला, "सर्कशीत नोकरी लागली का?"

"तुम्हालाच अस्वलाची जागा ठेवलीय, डॉन एवारिस्तो."

"हो का? मग एकदा फेकून दाखव की अस्वलाला."

"फुकट? मिस्टर प्रुएट लांबून आलेत, त्यांच्यासाठी राखून ठेवलीय."

काणा हसला. तेव्हापासून त्याचे फलंदाज एकामागून एक चेंडू बोक्याच्या दिशेनं मारायला बघू लागले. मी दुसऱ्या बेसच्या मागे धावून धावून अर्धा झालो. माझी स्वतःची जागा मोकळी पडत होती. एक चेंडू तिथून निसटला, एक धाव झाली. आमच्या आधीच्या दोन होत्या म्हणून वाचलो. एग्बर्ट ओरडला, "चेंचो, तू कुठल्या बेसवर आहेस ते एकदा ठरव!" मी म्हणालो, "दोन्ही!" आणि ते खरंच होतं.

असा तो सामना शेवटच्या डावात आला. आम्ही एका धावेनं पुढे. त्यांचे दोन गडी बाद, तिसरा झाला की संपलं. त्यांचा एक गडी पहिल्या बेसवर. सिप्रियाननं चेंडू टाकला, फलंदाजानं तो डाव्या बाजूला खोल, दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून कुंपणापर्यंत मारला.

आता काय होतं ते नीट बघा. कुंपणापासून एका फेकीत चेंडू घरच्या बेसवर, फलंदाज उभा असतो तिथं, पोचत नाही. मधे शॉर्टस्टॉप उभा राहतो, तो चेंडू घेतो, वळतो आणि पुढे फेकतो. तिथं मी त्याच्याऐवजी उभा राहू शकत नव्हतो, लांब होतो. पळणारा तिसऱ्या बेसला वळसा घालून घराकडे निघालेला, तो पोचला की बरोबरी. कुंपणावरून चेंडू आला. बोक्यानं तो घेतला. वळला. आणि त्यानं उजवा हात वर नेला, खांद्याच्या वर. मला त्याचे दात दिसले. स्टँडमध्ये कुणीही श्वास घेतला नाही. प्रुएटचा अंगठा बटणावर होता.

आणि काण्यानं दोन्ही हात वर करून आपल्या गड्याला थांबवलं!

सवय, दुसरं काय. इतकी वर्षं त्या हातानं काण्याचे गडी घरच्या बेसवर मारले होते. बोक्याचा हात वर गेला की काण्याचे हात आपोआप वर जायचे, पाद्रीनं उठा म्हटलं की आपण उठतो तसे. पळणारा गचकन थांबला आणि तिसऱ्या बेसवर परतला. फटका मारणारा दुसऱ्या बेसवर पोचला. बोक्यानं हात खाली घेतला. चेंडू त्याच्याकडेच राहिला.

एक क्षण गेला आणि काण्याला आपण काय केलं ते कळलं. त्यानं टोपी काढली, जमिनीवर आपटली, तिच्यावर उभा राहिला.

"मेलाय!" तो किंचाळला. "त्याचा हात मेलाय! त्यानं दिवसभर एक फेक केलेली नाही! मी आंधळा, मी गाढव! ए, इकडे ये!" आणि त्यानं पुढच्या फलंदाजाला जवळ बोलावलं, मानगूट धरून त्याच्या कानात बोलू लागला. काय सांगत होता ते स्टँडच्या शेवटच्या ओळीतल्या बहिऱ्यालाही कळत होतं. चेंडू बोक्याकडे मार, कसाही मार, तुला पहिल्या बेसपर्यंत चालत जाता येईल. दोन गडी बाहेर ताटकळत आहेत, दोघंही घरी येतील.

मी बोक्याकडे बघितलं. चेहरा राखेसारखा. तो सावकाश पिचरच्या उंचवट्याकडे चालत गेला, सिप्रियानच्या हातमोज्यात मूठ घातली, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आपल्या जागेकडे परत निघाला. चेंडू देऊन आल्यासारखा.

पण मी त्याला लंगोटीपासून ओळखतो. परत येताना त्यानं डावा हातमोजा पोटाशी धरला होता, पोट दुखणाऱ्यासारखा. चेंडू त्यातच होता!

सांगतो, यात काय टांगणीला लागलं होतं. पळणारा बेसवरून पाय काढेल आणि चेंडू हातात असलेला माणूस त्याला टेकेल, तर तो बाद. फेकायची गरजच नाही. ही लबाडी नियमात बसते. पण नियमाला एक शेपूट आहे. उंचवट्यावर एक पांढरी पट्टी असते. चेंडू हातात नसताना पिचरनं त्या पट्टीवर पाय ठेवला तर तो गुन्हा, आणि सगळे पळणारे एकेक बेस फुकट पुढे. म्हणजे तिसऱ्या बेसवरचा घरी. म्हणजे बरोबरी, आणि मग पुढचे डाव, त्यात बोक्याकडे येणारे चेंडू, त्याच्यामागे काट्यावरचा बाक.

सिप्रियान आपल्या रिकाम्या हातमोज्यात बघत होता. तोंड उघडं. बोका त्याला काहीतरी पुटपुटून आला असणार, पण पोराच्या डोक्यात ते शिरलं नव्हतं. त्यानं हातमोजा उलटा केला. आत चेंडू नाही. पुन्हा सुलटा केला.

"चला, खेळा!" घरच्या बेसमागचा पंच ओरडला.

पंचानं चला म्हटलं की पट्टीकडे जायचं, एवढंच पोराला पाठ होतं. तो निघाला. दुसऱ्या बेसवरचा पळणारा, चेहऱ्याला पावडर लावलेला एक रुबाबदार गडी, अजून बेसवरच होता, एक पाय त्याच्यावर घट्ट रोवून. पिचर पट्टीवर गेला की मगच तो पुढे सरकणार. म्हणजे पोरगा थांबला तर हा हलत नाही, आणि पोरगा थांबला नाही तर आम्ही मेलो. मी ओरडून सांगावं, तर सगळ्यांनाच कळणार. बोका माझ्याकडे बघत होता.

सिप्रियाननं पाय उचलला.

"सिप्रियान!" मी ओरडलो. "अरे, तुझी आई आलीय!"

पाय हवेत थांबला.

"क... कुठे?"

"ती काय! स्टँडमध्ये! हातात मोजे घेऊन!"

तुम्ही भूत बघितलेला माणूस बघितलाय? मी बघितला. सिप्रियान पट्टीपासून उलटा उंचवट्यावरून उतरला आणि टोपीनं चेहरा झाकू लागला. आणि तेवढ्यात, देवाशपथ, कढईसकट स्टँडमध्ये येऊन बसलेल्या दोन्या फिलाचा आवाज आला, झाऱ्यानं ती वाजवत, "हो गं बाई, इथंच आहे! केवढी रडतेय बिचारी!" मग गावचा न्हावी उठला, "इकडे, इकडे बसलीय!" मग पूर्ण ओळ उठली, मग अख्खा स्टँड एका कोपऱ्याकडे बोटं करून ओरडायला लागला, "ती बघा! पाद्रीची आई! पाद्रीची आई!"

आता सांगा, ज्या माणसाच्या आईला मुलगा सेमिनरीत आहे असं वाटतं आणि ती त्याला बेसबॉलच्या मैदानात धरते, तो तमाशा कुणाला चुकवावासा वाटेल? दुसऱ्या बेसवरच्या रुबाबदाराला तरी कसा वाटावा! त्यानं मान उंच केली. मधे मी उभा, म्हणून बाजूला झाला. एक पाऊल. बेसवरचा पाय सुटला.

बोका दुपारभर ज्या चालीनं चालला नव्हता त्या चालीनं आला. आवाज नाही, धूळ नाही. डाव्या हातातला हातमोजा त्यानं त्या गड्याच्या बरगडीला लावला, लेकराला जोजवावं इतक्या हलक्या हातानं, आणि बेसजवळच्या पंचापुढे उघडून धरला. आत चेंडू.

पंचानं आधी चेंडूकडे बघितलं, मग बेसकडे, मग सिप्रियान पट्टीपासून किती लांब आहे तिकडे. बराच वेळ बघितलं. मग मूठ वर केली. बाद!

काणा अजून फलंदाजाच्या कानातच होता. त्याचा डोळा वळला तेव्हा सामना संपलेला होता.

पुढे जो गोंधळ झाला तो सोडून देतो. लोक कुंपणावरून आत आले. बोक्याला खांद्यावर घ्यायला धावले आणि मला एक गोष्ट दिसली तेव्हा मी जागच्या जागी थांबलो. इतकी माणसं, इतकी धक्काबुक्की, पण उजव्या बाजूनं त्याला कुणीही हात लावत नव्हतं. उचललं ते डावीकडून आणि खालून, अंडी उचलावी तसं.

"दोन्या," मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"तो पुरी डाव्या हातानं खायला लागला, तेव्हाच," ती म्हणाली. "न्हाव्याला त्याच्याही आधी. तुम्हा दोघांना वाटत होतं की गावाला डोळे नाहीत? आम्ही काय तुमच्या त्या माकडचेष्टांना हसत होतो?"

तेवढ्यात गर्दी फाटली आणि मिस्टर प्रुएट आला. स्पॅनिश तो मेक्सिकोत शिकला होता आणि बहुतेक गाढवांकडून शिकला होता. त्यानं एग्बर्टच्या हातातून मोठा हातमोजा काढून घेतला, सरळ पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला आणि बोक्याच्या जागेकडे बोट दाखवलं.

"तू, तिथे. फेकणे. एक. मी पकडणे."

कारखान्याची वाफ ऐकू येत होती.

बोका खांद्यांवरून खाली उतरला. आपल्या जागेवर गेला, बुटानं माती सारखी केली. चेंडू उजव्या हातात घेतला. एवढ्या मोठ्या मैदानात तो मला फार लहान दिसला. त्यानं हात उचलायला सुरुवात केली, तो छातीपाशी आला आणि तिथंच राहिला. पुन्हा प्रयत्न केला. मी पाय उचलला, पण त्यानं मानेनं नको म्हटलं. ही फेक माझ्याकडे उडवण्याची नव्हती.

तेव्हा दोन्या फिला तुरुतुरु चालत त्याच्यापाशी गेली.

"आण तो इकडे," ती म्हणाली आणि त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला. "एवढ्याशा कामासाठी माणसाला छळतात का!"

तिनं तो न्हाव्याकडे दिला. न्हाव्यानं पुढच्याकडे. आणि मग बघता बघता बोक्याच्या जागेपासून पहिल्या बेसपर्यंत अख्खं गाव ओळीनं उभं राहिलं, ऊसतोडे, बॉयलरवाले, काट्यावरच्या बाकावरचे सगळे म्हातारे, बाकासकट. चेंडू हातांतून हातांत निघाला. माझ्याही हातांतून गेला. कुणी घाई केली नाही. शेवटी एग्बर्टनं तो घेतला आणि वाकून, गुडघे करकरवत, प्रुएटच्या मोठ्या हातमोज्यात ठेवला.

प्रुएटनं चेंडू वर-खाली करून बघितला. तो तेलानं चमकत होता. त्यानं नाकाशी नेला, हुंगला. मग गळ्यातल्या घड्याळाकडे बघितलं. ते चालूच होतं. त्यानं ते बंद केलं.

"हळू," तो म्हणाला. "फार हळू. पण पोचणे."

आणि तो बोक्याकडे चालत गेला. "उत्तर, नाही. हात मरणे, उत्तर नाही." त्यानं मान हलवली. ती मान हललेली आम्ही सगळ्यांनी बघितली. दोन्या फिलानं पदर तोंडाला लावावा तसा ॲप्रन लावला. बोक्याची नजर फाटकाकडे गेली, काट्याकडे.

प्रुएट मात्र तिथून हलेना. त्यानं बोक्याचा छोटा हातमोजा ओढून काढला आणि स्वतःच्या हातातला एग्बर्टचा मोठा हातमोजा त्याच्या डाव्या हातावर चढवला. मग पहिल्या बेसकडे बोट केलं.

"तिथे. उभे राहणे. फेकणे नाही. पकडणे. हा माणूस सगळे पकडणे! तुम्ही मूर्ख असणे?"

आमच्या गावात त्याआधी आणि त्यानंतर इतकी शांतता कधी झालेली नाही. शॉर्टस्टॉपला पहिल्या बेसवर जा म्हणणं म्हणजे आमच्याकडे नवऱ्या मुलाला वाढप्यांत उभं करणं. बोक्याची मान ताठ झाली. मला वाटलं, आता हा हातमोजा प्रुएटच्या लाल नाकावर बसणार.

"पण तिथं एग्बर्ट आहे," बोका म्हणाला.

"मी?" एग्बर्ट ओरडला. "मी किती वर्षं बोंबलतोय! माझ्या गुडघ्यांना विचार! मला काट्यावर बसायचंय रे! बसायचंय!" आणि तो खरोखरच म्हाताऱ्यांच्या बाकावर, दोन म्हाताऱ्यांच्या मधे, मैदानातच बसला. बाक मोडला.

बोका हसला. दुपारपासून पहिल्यांदा. मोठ्या हातमोज्यात त्यानं डावी मूठ दोनदा मिटली, उघडली, जन्मलेल्या पोराची बघतात तशी.

"चेंचो," तो म्हणाला, "एक फेक बघू. आणि नीट फेक, गाढवा, मी आता तुझ्यासाठी धावणार नाही."

मी दुसऱ्या बेसवर गेलो आणि फेकली. चांगली जोरात. तो पहिल्या बेसवर एक पाय ठेवून लांब पसरला, मांजर उन्हात पसरतं तसा, आणि चेंडू त्याच्या हातात गेला.

पुढे कित्येक हिवाळे तो तिथं उभा राहिला. बाद झाल्यावरची फेरी तो खालून, जमिनीवरून घरंगळत पाठवायचा आणि लोक त्यालाच टाळ्या द्यायचे. आता आम्ही दोघंही काट्यावर आहोत, नवीन बाक आहे, एग्बर्टसाठी खाली दगड लावलेत. सिप्रियानची आई पुढच्या वर्षी खरंच आली आणि तिनं पहिली थोबाडीत मला दिली, ती गोष्ट वेगळी.

मी ही हकिगत सांगायला लागलो की बोका शेजारून म्हणतो, "रांग कुठे होती रे? दोन्या फिला एकटीच चालत गेली चेंडू घेऊन. बाकीचे नुसते उभे होते."

"तू त्या टोकाला होतास," मी म्हणतो. "तुला काय दिसणार? मी मधे होतो."

मग तो उजवा हात छातीपर्यंत उचलतो, जेवढा जातो तेवढा, आणि मला गप्प बस म्हणतो. मी काही गप्प बसत नाही.